पहिली मालिका, करार हातात आलाय: सही करण्याआधी काय पाहावं?

अवनी_क

धाकट्या भावासाठी विचारतेय. वय २२, कॉलेजात एकांकिका भरपूर, पुरुषोत्तम आणि फिरोदिया करंडक दोन्ही झालेलं, कॅमेऱ्यासमोरचा अनुभव शून्य. एका मराठी वाहिनीच्या नव्या मालिकेत नायकाच्या धाकट्या भावाची भूमिका आहे. ऑडिशन, लुक टेस्ट, मॉक शूट झालं, चॅनलचं अप्रूव्हल आलं. आता कराराचा मसुदा मेलवर आलाय. पुण्याहून मुंबईला जावं लागेल, सेट घोडबंदर रोडला आहे म्हणतात.

मसुद्यात असं आहे:

पर डे ४,०००. कामाचे दिवस "कथेच्या गरजेनुसार". कालावधी २ वर्षं, निर्मात्याला हवं असल्यास आणखी १ वर्ष. या काळात निर्मात्याच्या लेखी परवानगीशिवाय दुसरं कुठलंही काम करायचं नाही. पेमेंट बिल दिल्यापासून ९० दिवसांनी. निर्माता केव्हाही थांबवू शकतो, कलाकाराला सोडायचं असेल तर ६० दिवसांची नोटीस. को-ऑर्डिनेटरचे (काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थाचे) १५ टक्के वेगळे.

प्रश्न तीन. यातलं काय बदलून मागता येतं, की नवीन मुलाने गप्प सही करायची? सुरुवातीला किती पैसे हाताशी ठेवून मुंबईत जावं? आणि एकांकिकेतून थेट मालिकेत गेल्यावर नेमकं काय जड जातं? घरातलं कुणी या क्षेत्रात नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटले तरी समजून घ्या.

---

तिसरी_घंटा

भावाचं अभिनंदन. आता ४,००० या आकड्याकडे थोडा वेळ बघूच नका. या मसुद्यातले सगळ्यात महागडे शब्द आहेत "कथेच्या गरजेनुसार".

गणित असं असतं. अर्ध्या तासाच्या एपिसोडला जाहिराती वगळून साधारण २०-२२ मिनिटांचं चित्रण लागतं आणि मालिका आठवड्यातून सहा, कधी सातही दिवस दिसते. म्हणजे युनिट जवळजवळ महिनाभर चालूच. नायक-नायिकेचे त्यातले २०-२५ दिवस सहज होतात. नायकाच्या धाकट्या भावाचं तसं नसतं. घरात लग्न, साखरपुडा, गणपती असला की तो रोज फ्रेममध्ये. गोष्ट खलनायिकेच्या कारस्थानात शिरली की त्याला महिन्यात पाच-सहा दिवस बोलावतात, तेही पायऱ्यांवर उभं राहून चकित व्हायला. सहा दिवसांचे २४,००० होतात. आणि दुसरं काम करायचं नाही या कलमामुळे उरलेले चोवीस दिवसही त्यांच्याकडेच गहाण. दोन कलमं वेगवेगळी वाचली तर निरुपद्रवी वाटतात, एकत्र वाचली की फास आहे.

म्हणून दोनपैकी एक मागा. पहिला पर्याय: महिन्याला किमान १२ किंवा १५ दिवसांची हमी, बोलावलं नाही तरी तेवढे दिवस मोजायचे. दर थोडा कमी झाला तरी चालेल. ३,५०० आणि १५ दिवसांची हमी म्हणजे ५२,५००. ४,००० आणि हमी नाही म्हणजे कदाचित २४,०००, कदाचित ६०,०००, आणि कुठल्या महिन्यात काय ते कुणी सांगणार नाही. दुसरा पर्याय: हमी देत नसाल तर बंदी फक्त "इतर वाहिन्यांवरील दैनंदिन मालिका" एवढ्यापुरती ठेवा, नाटक, डबिंग, चित्रपट, वेब सिरीज यांना आधी तारखा कळवून मोकळीक. पहिल्याला बहुतेक नकार येतो. दुसऱ्याला होकार मिळण्याची शक्यता चांगली, कारण त्यात निर्मात्याचा खिसा हलत नाही.

नवोदित मागू शकतो का? हो, पण खिडकी छोटी आहे. चॅनलचं अप्रूव्हल आल्यावर आणि प्रोमो शूट होण्याआधी. त्या काळात दुसरा मुलगा घ्यायचा तर त्यांना लुक टेस्टपासून सगळं पुन्हा करावं लागतं. प्रोमो चित्रित झाल्यावर मागाल तर "नंतर बघू" ऐकाल. फोनवर बोलू नका. एकच मेल, सहा-सात ओळींचा, कलम क्रमांक आणि त्यापुढे हवा तो शब्दबदल. वकिली भाषा नको, आणि दहा मागण्याही नकोत.

बाकीचं भराभर सांगतो.

"दिवस" म्हणजे काय ते मसुद्यात लिहिलेलं आहे का बघा. कॉल टाइमपासून (सेटवर बोलावलेल्या वेळेपासून) १२ तास, असं हवं. कॉल देऊन सेटवर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी सीन रद्द झाला तरी तो दिवस धरला जाईल, हे वाक्य घालून घ्या. यावरून सगळ्यात जास्त वाद होतात. पॅकअप आणि पुढचा कॉल यांत किमान १० तास मागा. प्रोमो, फोटोशूट, महाएपिसोड, चॅनलचे पुरस्कार सोहळे यांचे पैसे मिळणार की ते "प्रसिद्धीसाठी" फुकट, हे विचारा. आउटडोअर असेल तर प्रवासाचा दिवस मोजतात का, तेही. २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्यात शूटिंग बंद झालं तेव्हा कितीतरी मालिका रातोरात गोवा, दमण, सिल्वासाला हलल्या होत्या, तेव्हा हे कलम कुणाच्या करारात होतं आणि कुणाच्या नव्हतं ते सगळ्यांना कळलं.

वाढीव एक वर्ष "परस्पर संमतीने" करा, नाहीतर तीन वर्षं त्याच ४,००० वर राहील. हा बदल मान्य नाही झाला तर निदान एक वर्ष झाल्यावर दरवाढीचा टक्का आत्ताच लिहून घ्या. नोटीस दोन्ही बाजूंनी ३० दिवस.

आणि नुकसानभरपाईचं कलम शोधा, तुम्ही दिलेल्या यादीत ते नाही पण मसुद्यात असणारच. "कलाकारामुळे झालेलं सर्व नुकसान कलाकार भरून देईल" असं मोघम असेल तर "आजवर मिळालेल्या मानधनाच्या मर्यादेत" हे शब्द जोडा. केस, दाढी, वजन यांवर निर्मात्याचा शब्द चालतो, त्याला इलाज नाही. फक्त केस रंगवणं, कापणं वगैरेचा खर्च त्यांचा, एवढं बघा.

---

हिशोबनीस

करारावर वर छान लिहिलंय. पैशाच्या वेळापत्रकाबद्दल थोडं, कारण अवनीताईंचा दुसरा प्रश्न तसाच राहिला.

९० दिवस हे कामाच्या दिवसापासून नाहीत, बिलापासून आहेत. समजा ४ ऑगस्टला पहिला दिवस भरला. ऑगस्टचं बिल सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाणार. त्यापुढे ९० दिवस म्हणजे डिसेंबरचा पहिला आठवडा. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर: चार महिने काम चालू, टीव्हीवर चेहरा दिसतोय, नातेवाईक स्टेटस ठेवतायत, आणि खात्यात शून्य. बिल चार दिवस उशिरा दिलं तर पैसेही तेवढेच मागे, आणि काही ठिकाणी महिन्याची बिलं ठरावीक तारखेपर्यंतच घेतात, ती चुकली की थेट पुढच्या फेरीत. म्हणून हाताशी हवं ते घराचं डिपॉझिट वेगळं, आणि वर चार-साडेचार महिन्यांचा पूर्ण खर्च. भाडं, प्रवास, फोन, जेवण. "पहिला पगार आला की" या हिशोबाने कुणीही मुंबईत उतरू नये. एकदा चक्र सुरू झालं की दर महिन्याला तीन महिन्यांपूर्वीच्या बिलाचे पैसे येत राहतात, आणि मालिका बंद झाल्यावरही तीन महिने येतात. ते शेवटचे तीन महिने उधळू नयेत, पुढच्या कामाच्या शोधाचा पैसा तोच.

आता हातात किती? १२ दिवस भरले तर ४८,०००. त्यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे ४,८००. को-ऑर्डिनेटरचे १५ टक्के एकूण रकमेवर धरले तर ७,२००. उरले ३६,०००. को-ऑर्डिनेटर टक्का एकूण रकमेवर घेतो की टीडीएस वजा जाता, आणि पैसे खात्यात आल्यावर घेतो की बिल गेल्या-गेल्या, हे त्याच्याकडून लेखी घ्या. पैसे आल्यावरच द्यायचे. तो टक्का किती काळ, हेही विचारा: फक्त या मालिकेपुरता की भावाला पुढे स्वतः मिळवलेल्या कामावरही?

टीडीएस हा बुडालेला पैसा नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, त्यामुळे या पातळीवर बहुतेक सगळा टीडीएस परत येतो, पण विवरणपत्र भरलं तरच. पॅन आधी द्या, पॅन नसेल तर २० टक्के कापतात. दर तिमाहीनंतर आयकराच्या पोर्टलवर २६एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या टीडीएसचा तक्ता) उघडून कापलेली रक्कम जमा झाली का ते बघा. कापली पण भरलीच नाही असं होतं, आणि वर्ष उलटल्यावर मागे लागणं त्रासाचं. कलाकाराला पगारदारांचा आयटीआर-१ चालत नाही, हा व्यवसाय आहे. पहिल्या वर्षी सीएकडे जा. प्रवास, कमिशन, मेकअपचं सामान, फोटोशूट यांच्या पावत्या ठेवा. जीएसटी वर्षाला २० लाखांच्या आत लागत नाही, त्यामुळे कुणी "नंबर काढून देतो" म्हणालं तर तूर्त नको म्हणा.

एक कमी माहीत असलेली गोष्ट. चेहरा ओळखीचा झाला की इन्स्टाग्रामसाठी वस्तू येतात: फोन, घड्याळ, कपडे. एकाच कंपनीकडून वर्षात २०,००० रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तू ठेवून घेतल्या तर त्यावर १० टक्के टीडीएसचा नियम जुलै २०२२ पासून आहे. आणि पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर जाहिरात असल्याचा उल्लेख ठळक दिसायला हवा.

---

सीन_बदलला

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. एकांकिकावाली मुलं अभिनयात कमी पडत नाहीत. ती अडकतात ती यांत्रिक गोष्टींत, आणि त्या कुणी शिकवत नाही, कारण सेटवर शिकवायला वेळ नसतो.

पाठांतर. एकांकिकेला महिना-दीड महिना तालीम मिळते. इथे सीन बऱ्याचदा मेकअपच्या खुर्चीत असताना व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. दोन-तीन पानं, हातात वीस मिनिटं. आधी समोरच्याची वाक्यं वाचायची. आपलं वाक्य त्याच्या कुठल्या शब्दावरून निघतं ते कळलं की निम्मं पाठ झालेलं असतं. मग सहकलाकाराबरोबर दोनदा नुसतं वाचन, भाव न आणता. प्रॉम्प्टिंग मिळतं, असिस्टंट कॅमेऱ्यामागून वाक्य देतो. त्याची सवय लावून घेऊ नये. वाक्याआधी बुबुळ जरासं आवाजाच्या दिशेला सरकतं आणि क्लोजमध्ये (फक्त चेहऱ्याच्या शॉटमध्ये) ते लपत नाही.

कंटिन्युइटी. समजा जेवणाच्या टेबलाचा सीन आहे, घरातली सहा माणसं. आधी मास्टर, म्हणजे सगळे एका फ्रेममध्ये असलेला पूर्ण सीन, झाला. त्यात भावाचं वाक्य आहे, "आई, मी परत जाणार नाही", आणि "नाही" म्हणताना त्याने डाव्या हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. आता दोन तासांनी त्याचा क्लोज लागेल तेव्हाही ग्लास डाव्याच हातात, पाणी तेवढंच, आणि खाली ठेवायचा तो "नाही"वरच. "परत"वर ठेवला तर संकलकाला मास्टरवरून क्लोजवर उडी मारता येत नाही, ग्लास दोनदा खाली आल्यासारखा दिसतो. मग तो काय करतो? भावाचा क्लोज बाजूला टाकतो आणि त्याचं वाक्य आईच्या चेहऱ्यावर चालवतो. कुणी रागावत नाही, कुणी सांगतही नाही. मुलगा घरी एपिसोड बघतो आणि म्हणतो, माझे क्लोज लावतच नाहीत. उपाय सोपा: मास्टरमध्ये हालचाल मोजकी ठेवायची. एक ग्लास, एकदा मान वळवणं, एकदा उठणं. आणि ते कुठल्या शब्दावर केलं ते पानावर पेन्सिलने खूण करून ठेवायचं. खाण्याच्या सीनमध्ये घास चण्याएवढा घ्यावा; तोच घास सहा वेळा खायचा असतो.

दुसऱ्याच्या वाक्यावर वाक्य चढवणं. रंगभूमीवर त्याने जिवंतपणा येतो. इथे क्लोज चालू असताना समोरच्याचं वाक्य पूर्ण संपू द्यायचं, अर्ध्या श्वासाचं अंतर ठेवायचं, मग बोलायचं. आवाज एकमेकांवर गेले तर कापायला जागा उरत नाही. भांडणाच्या सीनमध्ये चढवायचंच असेल तर दिग्दर्शकाला आधी विचारा.

शेवटचं वाक्य झालं की चेहरा सोडायचा नाही. "कट" ऐकू येईपर्यंत तीन-चार सेकंद तसाच. मालिकेत सीनचा शेवट याच सेकंदांवर असतो, संगीतही तिथेच चढतं. नवी मुलं वाक्य संपताच कॅमेऱ्याकडे बघतात, टेक जातो.

जमिनीवर रंगीत टेप लावलेली असते तो मार्क. खाली बघून त्यावर जायचं नाही. रिहर्सलला मार्कवर उभं राहून तिथून मागे पावलं मोजत यायचं: तीन पावलं असतील तर टेकला तीनच. ओव्हर द शोल्डरमध्ये आपण पाठमोरे असलो तरी काम संपलेलं नसतं. खांदा हलला की समोरच्याचा चेहरा झाकला जातो, आणि ज्येष्ठ कलाकार ते विसरत नाहीत.

आवाज. भरत नाट्य मंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलेला आवाज इथे गळ्याखाली चार बोटांवर लावलेल्या लेपल माइकवर आदळतो. साऊंडवाला हळू म्हणतो, मुलगा हळू बोलतो आणि ऊर्जाही खाली आणतो. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. आवाजाची पातळी कमी, हेतू तेवढाच. रडताना छातीवर हात आपटायचा नाही, माइक तिथेच आहे. मुलींच्या बाबतीत मंगळसूत्र माइकला लागतं, बांगड्या वाजतात. साऊंडवाले दोन बांगड्यांमध्ये बारीक चिकटपट्टी लावून देतात, संकोच न करता मागावी.

उच्चार एकांकिकेत निभावून जातात, क्लोजमध्ये ऐकू येतात. "चार" आणि "चारा" यांतले दोन च, पाण्याचा जग आणि आपण राहतो ते जग, न-ण, ल-ळ. रोज दहा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं की पुरतं.

ग्लिसरीन डोळ्यात घालत नाहीत. काडीवर थेंब घेऊन खालच्या पापणीच्या खाली लावतात. जास्त झालं की डोळा लाल होतो आणि पुढच्या सीनमध्ये, जो कथेत आदल्या दिवशीचा असू शकतो, तो लाल डोळा तसाच दिसतो. रडण्याचा क्लोज आधी घेता येईल का, हे विचारायला हरकत नाही, बरेच दिग्दर्शक ऐकतात.

राहिला वेळ. १२ तासांत कॅमेऱ्यासमोर दोन-तीन तास. बाकी वाट बघणं. संध्याकाळी सहाला मोठा सीन लागतो तेव्हा दुपारभर गप्पा मारून थकलेला चेहरा दिसतो. दुपारी अर्धा तास डोळे मिटून पडायला शिकणं हीसुद्धा या धंद्यातली कला आहे. थट्टा नाही.

---

गायमुख_जाम

घराबद्दल एकच. सेट घोडबंदरला असेल तर अंधेरी-ओशिवऱ्यात घर घेऊ नका. आरामनगरला कास्टिंगची ऑफिसं आहेत म्हणून सगळे तिकडे धावतात, पण हल्ली ऑडिशन बहुतेक घरूनच पाठवतात, आणि रोजचा कॉल घोडबंदरला. सकाळी ७ चा कॉल म्हणजे ७ ला मेकअपच्या खुर्चीत, ७ ला गेटवर नव्हे. गायमुख घाटात एक ट्रक बंद पडला की तास गेला. मानपाडा, कासारवडवली पट्ट्यात किंवा पलीकडे मीरा रोडला बघा, सेट घाटाच्या कुठल्या बाजूला आहे ते विचारून मगच. सेट गोरेगावच्या चित्रनगरीत असता तर उत्तर वेगळं होतं. मढला असता तर आणखी वेगळं, तिकडे वर्सोव्याहून जेट्टीने जाणं रस्त्यापेक्षा बरं पडतं.

सेटचा पत्ता करारावर सही होईपर्यंत पक्का मानू नका. आधी महिनाभर पीजी, मग भाडेकरार.

---

अवनी_क

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्लासाचं उदाहरण भावाला वाचून दाखवलं, तो गप्पच झाला.

आज मेल करतोय. हमी मागतोच, नाही दिली तर नाटक-डबिंगची मोकळीक. दोन उपप्रश्न: मालिका मध्येच बंद होणार हे कलाकाराला आधी कळतं का? आणि नाटक आणि मालिका एकत्र खरंच जमतं, की नुसतं कागदावर?

---

गुरुवारचा_आकडा

कळतं, पण सांगितलं जात नाही. स्वतः वाचावं लागतं.

प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्कचा आठवडा शनिवार ते शुक्रवार, आणि आकडे पुढच्या गुरुवारी येतात. म्हणजे गुरुवारी जो गोंधळ उडतो तो सहा ते बारा दिवसांपूर्वी दिसलेल्या एपिसोडवरून. ते एपिसोड चित्रित झाले त्याआधी. आकडा पडला की ट्रॅक बदलतो, नवे सीन लिहिले जातात, जे चित्रित झालंय ते कधी अर्धवटच टाकून देतात. याचा परिणाम भावावर असा: बुधवारी पुढच्या आठवड्याचे पाच दिवस सांगितले, शुक्रवारी त्यातले दोन राहिले. म्हणून हमीचं कलम. फिरून पुन्हा तिथेच येतं सगळं.

बंद होण्याची लक्षणं: स्लॉट प्राइम टाइमच्या मधून कडेला सरकतो, साडेसहाला किंवा साडेदहानंतर. एपिसोडची बँक (आधी चित्रित करून ठेवलेले एपिसोड) वाढवणं थांबतं, आज शूट आणि उद्या टेलिकास्ट सुरू होतं. अचानक लीप येते, म्हणजे कथा एकदम काही वर्षं पुढे जाते. मोठे सण साजरे करायचे टाळले जातात, कारण सणाच्या सीनला माणसं आणि खर्च दोन्ही लागतात. वाहिनीने नव्या मालिकेचा प्रोमो सोडला आणि त्यावर वेळ तुमची असेल, तर प्रश्नच मिटला. एखादं लक्षण एकटं असेल तर घाबरू नका, तीन एकदम दिसली की स्वतःचे फोटो आणि इंट्रो ताजे करून ठेवा.

नाटकाचं. प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी, आणि मालिकेचं शूट वीकेंडलाही असतंच. जमतं ते तारखा आधी दिल्या तरच. महिन्याच्या २० तारखेपर्यंत पुढच्या महिन्याच्या प्रयोगांची यादी ईपीला (कार्यकारी निर्मात्याला) मेलवर, शेड्यूल करणाऱ्या असिस्टंटला वेगळी. मुंबई-ठाण्यातल्या प्रयोगाला दुपारी चारला सोडा असं ठरवता येतं. बाहेरगावच्या प्रयोगाला पूर्ण दिवस सुट्टी धरावी, अर्ध्या दिवसाचं आश्वासन देऊ-घेऊ नये. नाटकवाल्यांनाही सांगून ठेवा की पहिले दोन महिने जमणार नाही. मालिका सुरू होताना सगळंच हललेलं असतं.

दहीहंडी, गणपती, नवरात्रात कार्यक्रमांना हजेरी लावायच्या सुपाऱ्या येतील. भूमिका लोकांच्या तोंडी बसली की एका संध्याकाळचे पैसे आठवड्याच्या शूटपेक्षा जास्त असू शकतात. त्याला चॅनलची परवानगी लागते का आणि त्यात कुणाचा वाटा आहे का, हे करारात बघा. निम्मे आगाऊ, उरलेले स्टेजवर चढण्याआधी. खाली उतरल्यावर आयोजक सापडत नाहीत.

---

मुलीची_आई

मध्येच विचारते, क्षमस्व. वय १३ असेल तर हेच सगळं लागू? आमच्याकडे असाच मसुदा आलाय आणि त्यात १२ तासांची शिफ्ट आहे.

---

तिसरी_घंटा

नाही. १४ वर्षांखालच्या मुलांना बालकामगार कायद्याचे २०१७ चे नियम लागतात. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त विश्रांतीशिवाय नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने काढायची, पालकांनी नव्हे. मानधनातले किमान २० टक्के मुलीच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत थेट जमा व्हायला हवेत. दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती सेटवर नेमलेली असते, तिचं नाव मागून घ्या. शाळा बुडता कामा नये. १२ तासांची शिफ्ट लिहिलेला मसुदा मोठ्यांच्या करारावरून उचललाय, तो तसाच परत पाठवा. तपशील हवा असेल तर वेगळा धागा काढा, इथे सरमिसळ होईल.

---

कॉपी_पेस्ट_नको

एक धोक्याची सूचना, अवनीताईंसाठी नव्हे, पण हा धागा शोधत येणाऱ्यांसाठी. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. कार्डही लागत नाही. "रजिस्ट्रेशन", "पोर्टफोलिओ आमच्याकडूनच", "आर्टिस्ट कार्डाशिवाय चॅनल घेत नाही", "कॉस्च्युमचं डिपॉझिट" यातलं काहीही ऐकलं की फोन ठेवा. वाहिनीचं लेटरहेड व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीही बनवून पाठवू शकतो. निर्मितीसंस्थेचं नाव विचारा, त्यांच्या कार्यालयात स्वतः फोन करून भूमिकेचं कास्टिंग चालू आहे का ते विचारा. भेट हॉटेलच्या खोलीत किंवा रात्री असेल तर जाऊ नका, मुलगा असो की मुलगी. सेट हेही कामाचंच ठिकाण आहे, लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तिथेही लागतो. अंतर्गत समितीतली नावं पहिल्याच दिवशी विचारली तर कुणी दातओठ खात नाही, आणि खाल्ले तर तेही कळलेलं बरं.

काम सुरू झाल्यावर सिंटाचं सदस्यत्व घ्यावं. १९५८ पासूनची कलाकारांची संघटना आहे, थकलेल्या मानधनाच्या तक्रारी तिथे ऐकल्या जातात. फक्त कागद लागतात.

---

हिशोबनीस

वरच्या शेवटच्या वाक्यावरून एक राहिलेलं. कागद म्हणजे नुसता करार नव्हे, दिवसांचा हिशोब. पर डेच्या कामात महिन्याचे दिवस कोण मोजतं? प्रॉडक्शनचा माणूस, आणि तो एकाच वेळी पंचवीस जणांचे मोजतो. ११ झाले की १२, यावरून तीन महिन्यांनी, पैसे हातात आल्यावर वाद घालून उपयोग नसतो.

साधी शंभर पानी वही. प्रत्येक दिवसाला एक ओळ: तारीख, कॉल, प्रत्यक्ष पोचलो ती वेळ, पॅकअपची वेळ, सीन नंबर. कॉल व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, त्याचा स्क्रीनशॉट महिन्याच्या फोल्डरमध्ये. बोलावून सीन झाला नाही तर सीन नंबरच्या जागी "कॉल होता, शूट नाही" असं लिहायचं आणि त्याच संध्याकाळी प्रॉडक्शनला एका ओळीचा मेसेज. महिन्याच्या शेवटच्या दिवशी तारखांची यादी मेल करायची: "या महिन्यात माझे खालील १२ दिवस झाले आहेत, काही फरक असल्यास कळवावा." उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तरी दोन दिवसांनी त्याच मेलला बिल जोडून पाठवायचं, नवीन मेल करायचा नाही. म्हणजे दिवस, बिल आणि ९० दिवसांची सुरुवात हे सगळं एकाच साखळीत राहतं.